करपा हे एका रोगाचे नाव नव्हे

श्रावणातली बुरबुर चार-पाच दिवस सलग लागून राहिली, की बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील खत-औषधांच्या दुकानांत एकच मागणी दिवसभर ऐकू येते : ‘करप्याचं औषध द्या.’ उचगाव-बेकिनकेरे भागातला शेतकरी ती बटाट्यासाठी करतो, जांबोटीकडून आलेला भातासाठी करतो, आणि तिसऱ्याच्या भाताची पाने टोकापासून कडेकडेने पांढरी पडत आलेली असतात, तोही तेच म्हणतो. ‘करप्याचंच आहे, तात्या, मारून बघा,’ असे उत्तर मिळते आणि तिघेही बहुधा एकाच प्रकारची पुडी घेऊन घरी जातात. तिघांच्या शेतात पान करपले आहे हे खरे असले, तरी ते करपवणारे जीव तीन वेगवेगळे आहेत. ते एकमेकांपासून इतके दूरचे आहेत, की एकाला मारणारे औषध बहुधा दुसऱ्याला स्पर्शही करत नाही.

आमच्या घरी बटाट्याचे एक पीक असेच हातचे गेले. भातावरच्या करप्याला ज्या औषधाने उतार पडला होता, त्याची उरलेली पुडी वडिलांनी मोठ्या विश्वासाने बटाट्यावर मारली. आठवडाभरात सरीवर काळे देठ तेवढे उभे राहिले. औषध बनावट नव्हते आणि मात्राही बरोबर होती. चूक नावातून झाली होती, आणि ती समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली. वनस्पतिरोगशास्त्र हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो, तो तेव्हापासून.

या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या करणे. पान करपणे हे लक्षण आहे, माणसाला ताप यावा तसे. ताप हिवतापानेही येतो आणि विषमज्वरानेही येतो, म्हणून डॉक्टर केवळ तापावर औषध देऊन थांबत नाहीत. त्या लक्षणामागे झाडाच्या पेशींत जी बिघाडाची प्रक्रिया चाललेली असते तो रोग, आणि तो घडवणारा जीव म्हणजे रोगकारक. मराठीतला ‘करपा’ हा शब्द पहिल्या पायरीवरच थांबतो. पान भाजल्यासारखे दिसते एवढेच तो सांगतो आणि कोणी भाजले याविषयी गप्प राहतो.

खानापूरच्या भातापासून सुरुवात करू. भाताचा जो मुख्य करपा, त्याचे डाग दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्ये फुगीर असतात. वडगाव-खासबागच्या विणकरांच्या मागावरचा धोटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा आकार एकदा सांगितला की पुरतो. डागाचा मधला भाग राखाडी आणि कड तपकिरी असते. हा रोग करणारी मॅग्नापोर्थे ओरायझी ही खरी बुरशी आहे आणि तिची पानात शिरण्याची रीत थक्क करणारी आहे. वाऱ्याने आलेला बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, ओल्या पानावर चिकटतो, रुजतो आणि टोकाशी घुमटासारखी एक फुगीर पेशी तयार करतो. या पेशीच्या भिंतीला आतून मेलॅनिन या काळ्या द्रव्याचा थर बसतो, त्यामुळे आत साठलेले द्रव्य बाहेर पाझरत नाही, पाणी मात्र आत ओढले जाते आणि दाब वाढत जातो. हा दाब ८० वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे ४० पट मोजला गेला आहे. त्या दाबाच्या बळावर पेशीच्या तळातून निघालेली अत्यंत बारीक खुंटी पानाची साल भेदून आत जाते.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की भाताच्या करप्यावर वर्षानुवर्षे वापरात असलेले ट्रायसायक्लाझोल हे औषध नेमके त्या काळ्या थरावर घाव घालते. ते बुरशीला थेट मारत नाही, तिला मेलॅनिन बनवू देत नाही. मेलॅनिन नसले की पेशीत दाब टिकत नाही, आणि दाब नसला की साल भेदली जात नाही. ज्या रोगकारकाला पानात शिरण्यासाठी असल्या घुमटाची गरजच नाही, त्याच्यापुढे हे औषध म्हणजे नुसते पाणी. आमच्या बटाट्यावर तीच पुडी पडली होती.

हाच करपा लोंबीच्या देठावर आला की त्याला मानमोडी म्हणतात. लोंबी पांढरी पडते आणि दाणा भरत नाही. खोडकिडीनेही लोंबी पांढरी पडते, त्यामुळे येथे आणखी एक गफलत होते. पांढरी लोंबी चिमटीत धरून हलकेच वर ओढावी. सहज उपसून हातात आली तर खोड आतून किडीने कुरतडले आहे, असे समजावे. ती निघाली नाही आणि लोंबीच्या मानेशी काळपट कडे दिसले, तर ती मानमोडी. या तपासणीला क्षणभर लागतो आणि चुकीची एक फवारणी टळते.

आता तो तिसरा शेतकरी. त्याच्या भाताची पाने टोकाकडून, कडेला धरून, नागमोडी रेषेत पिवळी आणि मग पांढरी पडत गेली आहेत. हा कडा करपा, आणि तो बुरशीचा नव्हे तर झँथोमोनास ओरायझी या जिवाणूचा आहे. तो कडेनेच का येतो, याचे उत्तर भाताच्या पानावर सकाळी दिसणाऱ्या थेंबांत आहे. टोकाशी आणि कडेला ओळीने लटकणारे ते सगळेच थेंब दवाचे नसतात. मुळांनी शोषलेले जादा पाणी पानाच्या कडेवरील बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि तेथे थेंब धरतो. जिवाणू त्या थेंबात पोहत त्याच छिद्रांतून आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतो. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने प्रत्येक रोपाला ताजी जखम होते आणि या जिवाणूला आयते दार मिळते, म्हणून ज्या शिवारात कडा करपा दरवर्षी येतो तेथे शेंडे खुडू नयेत.

बुरशी की जिवाणू हे घरच्या घरी ओळखण्याची एक रीत मला फार मोलाची वाटते. करपू लागलेल्या पानाचा बोटभर तुकडा ब्लेडने असा कापावा की त्यात थोडा हिरवा आणि थोडा रोगट भाग येईल, आणि तो काचेच्या ग्लासातील स्वच्छ, स्थिर पाण्यात कापलेली बाजू खाली ठेवून धरावा. जिवाणूचा रोग असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धुरासारखी धार पाण्यात उतरताना दिसते. ते लाखो-करोडो जिवाणू असतात. मागे काळा कागद धरला तर ती अधिक स्पष्ट दिसते. बुरशीच्या करप्यात पाणी निवळच राहते. अचानक कोमेजलेल्या बटाट्याच्या खोडावर हीच परीक्षा केली तर जिवाणूजन्य मर ओळखता येते. त्या झाडाचा बटाटा आडवा कापला की आत तपकिरी कडे दिसते, म्हणून त्या रोगाला शेतकरी बांगडी म्हणतात. असले बटाटे बियाण्यात राहू देऊ नयेत.

जिवाणूवर बुरशीनाशकांपैकी बहुतेक औषधे चालत नाहीत. तांबेयुक्त औषधांचा काही उपयोग होतो, पण खरा आधार रोगप्रतिकारक वाणाचा, पाण्याचा निचरा होण्याचा आणि युरिया बेताने देण्याचा. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत होते आणि करपा आणि कडा करपा दोन्हींना ते मानवते. कृषी विभागाच्या शिफारशीपेक्षा एक पोते जास्त टाकून पीक गडद हिरवे दिसते याचा आनंद श्रावणापुरताच टिकतो. खोडाजवळच्या पानांच्या आवरणावर येणारा पर्णकोष करपा हा आणखी एक वेगळा बुरशीजन्य रोग आहे. दाट लावणीत तो वाढतो, एवढे येथे पुरे.

बटाट्याचा करपा मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण या शास्त्राचा जन्मच त्यातून झाला आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याची शेते काही दिवसांत काळी पडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी मेली, आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. त्या काळी झाड आधी सडते आणि सडल्यामुळे त्यावर बुरशी उगवते, असेच विद्वान मानत. पावसाला, धुक्याला, नव्यानेच आलेल्या रेल्वेच्या वाफेलाही दोष दिला गेला. बुरशी हा परिणाम नसून कारण आहे, हे बटाट्याच्या बाबतीत अँटोन दे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. निरोगी झाडे दोन गटांत ठेवून एका गटावर त्या जीवाचे बीजाणू टाकले, दुसऱ्यावर टाकले नाहीत. हवा, पाणी, माती दोन्हींना सारखीच मिळाली, आणि पहिलाच गट करपला. पुढे १८७६ मध्ये त्याने या जीवाला फायटॉप्थोरा हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा होतो. भारतात हा रोग प्रथम निलगिरी भागात, १८७० ते १८८० च्या दरम्यान नोंदला गेला.

सकाळी दहाच्या आत, पाऊस थांबून ढगाळ असताना, बटाट्याचे करपलेले पान उलटून पाहावे. वरून पाणी सांडल्यासारखा काळपट-तपकिरी ओला डाग आणि त्याभोवती फिकट हिरवी कड दिसते. खालून त्या कडेवर पिंजलेल्या कापसासारखी विरळ पांढरी बुरी दिसते. दुपारी ऊन पडले की ती सुकते आणि दिसेनाशी होते, म्हणून दुपारी शेतात जाणाऱ्याला ती वर्षानुवर्षे दिसतच नाही. उशिरा येणाऱ्या, म्हणजे फायटॉप्थोराच्या, करप्याची ही खूण आहे. त्याच पिकावर लवकर येणारा करपा हा अल्टरनेरिया या खऱ्या बुरशीचा असतो. त्याचे डाग कोरडे असतात, जुन्या खालच्या पानांवर आधी येतात आणि त्यांत झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळे असतात.

या दोघांतला फरक डागापुरता नाही. फायटॉप्थोरा दिसतो बुरशीसारखा, धागे बुरशीसारखे काढतो, पण खऱ्या बुरशींच्या कुळातला तो नाहीच. त्याचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळांशी जवळचे आहे. बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असते, याच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज असते. प्रोपिकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल यांसारखी औषधे बुरशीला अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य बनवू देत नाहीत, पण हा जीव ते द्रव्य बनवतच नाही. कार्बेन्डॅझिम ज्या प्रथिनाला धरते, ते या कुळात त्याच्या हाती लागत नाही. म्हणून दुकानात ‘सगळ्या करप्यांवर चालणारे’ म्हणून दिली जाणारी ही औषधे येथे वाया जातात. मॅन्कोझेब रोग येण्याआधी पानावर कवच म्हणून उपयोगी पडते. रोग दिसू लागल्यावर याच कुळासाठी बनवलेली सायमोक्सॅनिल, डायमेथोमॉर्फ यांसारखी औषधे मॅन्कोझेबच्या जोडीने लागतात. मेटॅलॅक्सिल पूर्वी उत्तम चालत असे, पण एकटे आणि पुन्हापुन्हा वापरल्याने जगभर त्याला दाद न देणारे वंश तयार झाले आहेत. मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे पुडीवरच्या लेबलाप्रमाणेच पाळावे.

आपल्याकडचा पावसाळी बटाटा या रोगाच्या तावडीत इतका का सापडतो, तेही पाहू. रोग होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : बळी पडणारे पीक, रोगकारक आणि त्याला मानवणारी हवा. १० ते २० अंश तापमान आणि ओले पान या जीवाला हवे असते. बारा-पंधरा अंशांच्या गार पाण्यात त्याची बीजाणूची पिशवी फुटते आणि तिच्यातून शेपट्या असलेले सूक्ष्म पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. पानावरचा पाण्याचा पातळ थर त्यांना पुरतो. हवा अनुकूल असेल तर लागण झाल्यापासून पाच-सात दिवसांत नवी पिढी उडू लागते. सह्याद्रीच्या कुशीतली आपली ऑगस्टची थंड, ढगाळ, सतत भिजलेली हवा याला फार मानवते, तर पूर्वेकडे अथणीच्या कोरड्या पट्ट्यात तोच रोगकारक पोहोचला तरी बहुधा डोके वर काढू शकत नाही. तिसरी बाजू बियाण्याची. कुफ्री ज्योती हे वाण १९६८ मध्ये प्रसारित झाले तेव्हा करप्याला चांगली टक्कर देत असे, पण रोगकारकाचे नवे वंश आले आणि ती ताकद ओसरली. तीच ताकद अजून आहे असे गृहीत धरून फवारणीला उशीर करणे महागात पडते. बियाण्याच्या आत लपून आलेला एखादा रोगट बटाटा साऱ्या शिवाराला पुरतो. टाकाऊ बटाट्यांचा बांधावरचा ढीग खोल पुरावा. वरंब्यांना मातीची भर भरपूर द्यावी, म्हणजे पानांवरून धुऊन येणारे बीजाणू खालच्या बटाट्यापर्यंत पोहोचत नाहीत.

या कुळाचे दुसरे घराणे अथणी तालुक्यातील द्राक्षबागायतदारांना चांगले ठाऊक आहे. ज्याला ते केवडा किंवा डाऊनी म्हणतात तो रोग त्याच जातकुळीचा, आणि त्याच्यामुळेच बोर्डो मिश्रणाचा शोध लागला. फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्यालगतची द्राक्षे वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून मळेकरी वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८२ मध्ये पिएर मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रोगाने इतरत्र पाने गळाली असताना रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्याने मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तांबे एकाच ठिकाणी घाव घालत नाही, म्हणून ते खरी बुरशी, केवड्याचे कूळ आणि काही प्रमाणात जिवाणू या साऱ्यांवर चालते. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवावे आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळावे. घासून स्वच्छ केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे उरले आहे, ते पान भाजेल, म्हणून आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

‘केवडा’ हे नावही फसवे आहे. चिकोडी-रायबागकडचा ऊसवाला केवडा म्हणतो तेव्हा पाने पिवळी-पांढरी पडण्याबद्दल बोलत असतो, आणि तेथे बहुधा कोणताच जीव नसतो. चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला मिळत नाही, एवढाच तो बिघाड. पण त्याच उसात बेटाला गवतासारखे असंख्य बारीक फुटवे आले आणि ते पांढरट दिसू लागले, तर ती गवताळ वाढ असते. तिच्यामागे फायटोप्लाझ्मा नावाचा, पेशीभिंत नसलेला सूक्ष्म जीव असतो. असे जीव वनस्पतींत असतात हे जपानी संशोधकांनी १९६७ मध्येच प्रथम दाखवले. त्यावर फवारणी नाही. बेट उपटावे, त्या प्लॉटचे बेणे आणि खोडवा टाळावा, आणि उष्ण दमट हवेची प्रक्रिया केलेले बेणे घ्यावे. उलट ‘तांबेरा’ हे नाव किती नेमके आहे! बोटाला गंजासारखी भुकटी लागते आणि रोगकारकाचा गट त्या नावातच सापडतो. कृष्णाकाठच्या उगार खुर्दचा परिसर सोयाबीनच्या तांबेऱ्यासाठी शास्त्रज्ञांना परिचित आहे, आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने काढलेले डीएसबी २१ हे वाण त्या रोगाला टिकते.

सीमाभागात या गोंधळाला भाषेची आणखी एक बाजू आहे. आपण मराठीत बोलतो, पण रैत संपर्क केंद्रातील, म्हणजे कर्नाटक कृषी विभागाच्या शेतकरी केंद्रातील, पत्रक कन्नडमध्ये असते. त्यात ‘बेंकी रोग’ असे वाचले की तो भाताचा धोट्यासारख्या डागांचा करपा, कारण बेंकी म्हणजे आग. ‘अंगमारी’ बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यालाही म्हणतात. ‘दुंडाणु अंगमारी’ असेल तर तो जिवाणूचा, कारण दुंडाणु म्हणजे जिवाणू. शिलींध्र म्हणजे बुरशी आणि नंजाणु म्हणजे विषाणू. हे चार-पाच शब्द कळले की पत्रक निम्मे वाचून होते. नंजु म्हणजे विष. आपला विषाणूही विषावरूनच आलेला, आणि मूळ लॅटिन ‘व्हायरस’चाही अर्थ विष असाच. तीन भाषांनी एकच शब्द निवडला आहे.

विषाणूंचा विषय निघाला की निपाणीचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही, कारण जगात विषाणूची पहिली ओळख तंबाखूच्या पानावर झाली. हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा हा रोग रसाने पसरतो, हे अडॉल्फ मायरने १८८६ मध्ये दाखवले. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलेला रसही रोग लावतो, हे इव्हानोव्हस्कीने १८९२ मध्ये पाहिले. हा नव्याच प्रकारचा रोगकारक आहे, असे बायरिंकने १८९८ मध्ये म्हटले. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षे जिवंत राहतो, त्यामुळे विडी ओढून किंवा तंबाखू मळून त्याच हातांनी टोमॅटो-मिरचीची रोपे लावली तर तो रोपांत जाऊ शकतो. रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुणे हा येथे सर्वांत स्वस्त उपाय आहे. लागण झाल्यावर कोणतेही औषध नाही.

शंका राहिली तर नमुना जाणकाराकडे न्यावा, आणि तो नीट न्यावा. पूर्ण वाळलेले पान आणले तर त्यावर मेल्यावर आलेल्या दुसऱ्याच बुरश्या दिसतात. डागाची वाढती कड आणि शेजारचा हिरवा भाग असलेली चार-पाच पाने सकाळी घ्यावीत आणि पाणी टिपून वर्तमानपत्रात गुंडाळावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडतात. सोबत एका चिठ्ठीवर वाण, लावणीची तारीख, गेल्या पंधरवड्यातील पाऊस, दिलेले खत आणि आधी मारलेल्या औषधाचे नाव लिहावे. रोग शेतात सर्वत्र सारखा पसरला आहे की पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातून सुरू झाला, हेही लिहावे. शेजारच्या बांधावर तणनाशक मारले गेले असेल तर ते आधी सांगावे. तणनाशकाच्या तुषारांनी भाजलेले पानही करप्यासारखेच दिसते, आणि त्यावर कोणतीच पुडी लागत नाही.